खिडकीतलं पाखरू आणि पाठीमागचा ऊस



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी लिहीत असतो. या वेळी पाखरांच्या फोटोविषयी लिहिणार आहोत. शेतकी खात्याच्या माणसाला हे कसलं खूळ, असे काहींना वाटेल. पण हा लेख शेवटी उसातच येऊन पोचतो, तेव्हा जरा धीर धरून वाचावा ही विनंती.

आमच्या गट कार्यालयाला उत्तरेकडे एक काचेची खिडकी आहे. खिडकीबाहेर बारा-पंधरा हातांवर एका सभासदाचा बांध, आणि बांधापलीकडे त्यांचा खोडवा. आमच्या सांगण्यावरून त्यांनी बांधावर इंग्रजी टी आकाराचा पक्षिथांबा उभा केला. त्यावर कोतवाल येऊन बसू लागला. हे काळे, दुभंगलेल्या शेपटीचे पाखरू उडते किडे, भुंगेरे झडप घालून पकडते आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसते. बाहेर गेलो की ते उडून जाई, खिडकीआड राहिलो की खुशाल बसे. म्हणून आम्ही खिडकीतूनच फोटो घ्यायचे ठरविले.

पाखरू बुजते ते माणसाच्या आकाराला आणि हालचालीला. ही गोष्ट जुन्या लोकांनीही ओळखली होती. इंग्लंडात यॉर्कशायरच्या खेड्यात वाढलेले रिचर्ड आणि चेरी कीर्टन हे दोघे भाऊ. त्यांनी १९०० च्या सुमारास बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून पोकळ बैल तयार केला. त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन शिरायचे आणि रानात पाखरांचे फोटो घ्यायचे! आपल्याला एवढी खटपट नको. घराची खिडकी हाच आपला बैल.

काचेतून फोटो घेताना

आमचे पहिले फोटो पाहून कार्यालयातली मंडळी हसली. पाखराऐवजी आमचाच चेहरा, टेबल आणि भिंतीवरचे कॅलेंडर काचेत उमटले होते. चुकत चुकत जे शिकलो ते असे :

काच दोन्ही बाजूंनी पुसावी. खोलीतला दिवा बंद करावा. पांढरा शर्ट काचेत चमकतो, म्हणून गडद कपडा बरा. कॅमेरा किंवा मोबाईल काचेला जवळजवळ टेकवावा आणि भोवती काळा रुमाल धरावा, म्हणजे आतला उजेड काचेवर पडत नाही. काचेच्या समोर सरळ उभे राहावे; तिरपे धरले की चित्र फाटल्यासारखे, धुरकट येते. फ्लॅश कधीच लावू नये, तो काचेवरून उलटून सगळे पांढरे करतो. मोबाईलवर पाखराच्या अंगावर बोट टेकवावे, नाहीतर यंत्र काचेवरच्या डागावरच नजर लावून बसते.

घरी कुणाला हौस करायची असेल तर खिडकीबाहेर वाळकी फांदी आणि पाण्याची मातीची परळ ठेवावी. ती काचेपासून दोन हातांच्या आत असावी, किंवा मग वीस हात लांब. मधल्या अंतरावरून पाखरू वेगात निघते, काचेत दिसणाऱ्या झाडालाच खरे झाड समजते आणि धडकून मरते. दोन हातांच्या आत असेल तर त्याला तेवढा वेग घेता येत नाही. शिवाय पाखरू जवळ आणि मागचे झाड लांब असले, की मागचे आपोआप पुसट होते आणि पाखरू उठून दिसते.

घरट्याचे फोटो मात्र घेऊ नयेत. आई उठून गेली की अंडी-पिल्ले कावळ्याच्या तोंडी. घुबडाच्या घरट्याजवळ तर जाऊच नये. एरिक हॉस्किंग या नावाजलेल्या इंग्रज पक्षी-छायाचित्रकाराचा डावा डोळा १९३७ साली घुबडाच्या झडपेत गेला. आणि आपल्या शेतातले उंदीर खाणारे गव्हाणी घुबड तर आपला बिनपगारी राखणदार. त्याला त्रास देण्यात आपलाच तोटा.

पाठीमागची अडचण

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या पुतण्याचा लांब भिंगाचा कॅमेरा आणला आणि कोतवालाचा एक झकास फोटो मिळाला. डोळ्यातली लाल झाकसुद्धा आली. पण पाठीमागचा ऊस अगदी लगत, त्यामुळे तो पुसट झाला नाही. विजेची तार, युरियाची रिकामी गोणी, आणि कोतवालाच्या शेपटीमागे पिवळट पडलेली तीन-चार ठोंबे. सारे नजरेला खुपत होते.

हल्ली मोबाईलवर नको ते पुसायची सोय असते. आपण बोट फिरवतो, यंत्र तेवढा भाग काढते आणि आजूबाजूचा रंग पाहून भोक बुजवते. नवी यंत्रे तर जे मुळात नव्हतेच ते पानही स्वतः रंगवतात. आम्ही तार पुसली, गोणी पुसली. हात बसला तशी ती पिवळी ठोंबेही पुसली. मागे सगळा हिरवागार ऊस झाला. फोटो मोठा करून कार्यालयात लावला. येणारा-जाणारा वाहवा करी, आम्हीही फुशारून जात होतो.

तीन आठवड्यांनी त्या खोडव्याचे मालक आले. वयस्क गृहस्थ. फोटोसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले,

"सायेब, पाखरू झ्याक आलंय. पन ह्यो ऊस कुनाचा म्हनायचा?"

"आबा, तुमचाच की. खिडकीसमोरचा."

"माझा न्हाय. माझा तितं वाळाय लागलाय."

आम्ही उठून त्यांच्याबरोबर गेलो. ठोंब धरून ओढले, ते हातात आले. मुळ्या कुरतडलेल्या, मातीत पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या. हुमणी! दोन गुंठ्यांचा पट्टा गेला होता. परत येऊन मूळ फोटो काढून मोठा करून पाहिला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ती पिवळी ठोंबे कोतवालाच्या मागे स्वच्छ दिसत होती.

हुमणीच्या अळ्या लहान असतात तेव्हा, म्हणजे जुलै-ऑगस्टात, ओल असताना शेणखतातून मेटारायझियम बुरशी दिली तर चांगला उपयोग होतो. अळी मोठी झाली की औषधालाही दाद देत नाही. म्हणजे जे तीन आठवडे हातचे गेले, तेच मोलाचे होते. आणि ते आमच्या डोळ्यांसमोर, आमच्याच भिंतीवर टांगलेले होते. आम्ही आबांना सगळे खरे सांगितले. ते एवढेच म्हणाले, "तुमी पाखरू बगत हुता. आमी तरी कुटं ऊस बगत हुतो?" त्यांनी मोठेपणाने म्हटले, पण पगार ऊस बघण्याचा आम्ही घेतो.

मग काय करावे?

फोटो सुबक करू नये असे आमचे म्हणणे नाही. आधी स्वतः हलावे. खिडकीत वीतभर डावी-उजवीकडे सरकले, थोडे वाकले, तर तार किंवा खांब पाखरामागून निघून जातो. मग कडा कापाव्यात. त्यानंतर मागचे थोडे काळसर किंवा पुसट करावे. पुसण्याचे काम शेवटी, आणि तेही तार-कागदापुरतेच. पुसताना पाखराची कड सांभाळावी. कोतवालाच्या शेपटीचे एक टोक पुसले गेले तर त्याची ओळखच गेली. पीक, पाने, माती यांना मात्र हात लावू नये. मूळ फोटो कायम जपून ठेवावा, आणि बदललेला फोटो दुसऱ्याला दाखवताना काय बदलले ते सांगावे.

आता आम्ही एक शिस्त पाळतो. फोटो आला की आधी पाखरावर हात झाकून पाठीमागचे पाहतो, आणि मगच पाखरू पाहतो.

५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त २०२० पासून हा आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. सभासदांनी, विशेषतः त्यांच्या मुला-मुलींनी, आपापल्या खिडकीतून, बांधावरून पाखरांचे फोटो घ्यावेत आणि गट कार्यालयात आणून दाखवावेत. सोबत गट नंबर, लागणीचा प्रकार आणि फोटोची तारीख द्यावी. एक अट मात्र राहील : फोटो मूळचाच आणावा, मागे गोणी असो की वाळलेले ठोंब. पाखराचे कौतुक आपण सगळे मिळून करू, आणि पाठीमागचा ऊस आम्ही नीट बघू.