खाऱ्या पाण्याचा संसार (भाग 7) : हा पाहुणा कोण?

मागच्या भागात आपण टाकीत जिवंत खडक, म्हणजे अंगावर समुद्री जीव वसलेला खडक, मांडला होता. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, रात्री दिवे मालवल्यावर, खडकाच्या फटीत काहीतरी डोलताना दिसलं. बोटाच्या पेराएवढं, काचेसारखं आरपार, तपकिरी झाक असलेलं, डोक्यावर टोकदार शुंडकांची झालर. घरच्यांना फूल वाटलं. मला घाई झाली. चिमटा घेतला आणि ओढलं. अर्धं हातात आलं, अर्धं फटीत राहिलं. महिन्याभरात मोजले तर अकरा!

हा एप्टेशिया, म्हणजे समुद्रपुष्पाचा एक प्रकार. त्याच्या तळव्याचा तुकडा जरी खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. म्हणजे मी उपटणी नव्हे, लावणी केली होती. उपाशी ठेवूनही तो सहजी मरत नाही. प्रवाळांसारखीच त्याच्याही अंगात सूक्ष्म शैवालं भाडेकरू असतात, ती उजेडावर अन्न बनवतात. तपकिरी रंग त्यांचाच. प्रवाळांसाठी लावलेल्या महागड्या दिव्यांवर हाही फुकटात पोसला जातो.

तेव्हा आधी ओळख, मग हत्यार. बॅटरीला पतंगाचा लाल कागद गुंडाळून रात्री बघा. भिजवलेल्या जवळ्याचा एक कण चिमट्याने शुंडकांना लावा. शुंडकांनी धरून मधल्या तोंडाकडे नेला तर समुद्रपुष्प. पिसांसारखा पंखा झटक्यात नळीत ओढला गेला तर तो नळीतला किडा. बिचारा पाणी गाळून खातो, त्याला राहू द्या. शुंडकांची टोकं गोलसर, अंग बुटकं आणि हिरवट असेल, तर तो मजानो. तोही उपद्रवीच.

हा आला कुठून? चिंचणी-तारापूरच्या समुद्रातून नाही. आपल्याकडचं पाणी गाळाचं, म्हणून बोईसरला बसून आपण आरओच्या पाण्यात मीठ कालवून समुद्र तयार करतो. पाहुणा खडकाला चिकटून आला. (खडकावर खरी प्रवाळं असतील तर दुकानदाराला कागदपत्रं विचारा, 2001 पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.)

टाकीतली डोकेदुखी टाकीतच संपवायची. कंटाळून सगळं खाडीत ओतणारे मी पाहिलेत, आणि तिथे मला राग येतो. बाहेरचा जीव कसा पसरतो ते बघा: कॅरिबियनकडचा एक काळपट शिंपला जहाजांबरोबर आला, 1967 मध्ये विशाखापट्टणमला सापडला, पुढे मुंबईच्या गोदीतही. पाण्याखाली जे सापडेल त्याला तो झुपक्याने चिकटतो. तारापूरचं अणुकेंद्र 1969 पासून समुद्राच्या पाण्यावर थंड होतंय. पाइपांत वाढणारे असे जीव कुठल्याही किनारी वीजकेंद्राला नकोच असतात. फेकण्याआधी टाकीतलं काढलेलं पाणी ब्लीच टाकून रात्रभर ठेवा, खडक गोड्या पाण्यात बुडवून मग कडक उन्हात वाळवा.

एप्टेशियावर माझा उपाय पानपट्टीवरचा. साध्या, बिनवासाच्या चुन्याची दाट पेस्ट करायची, मेडिकलमधून सिरिंज आणायची, पंप बंद करून थेट त्याच्या तोंडावर थेंब सोडायचा. तो आक्रसतो, पेस्टखाली गाडला जातो. एका वेळी दोन-तीनच. जास्त चुन्याने पाण्याचा पीएच उसळतो आणि मासे धापा टाकतात. पंप अर्ध्या तासाने सुरू करा.

अकरापैकी नऊ गेले. उरलेले दोन मागच्या बाजूच्या फटीत आहेत, तिथे सुई पोचत नाही.