दिल्लीच्या एम्समधले कॉम्प्युटर दोन आठवडे ठप्प झाले, तेव्हा नेमकं काय चुकलं होतं?

२३ नोव्हेंबर २०२२ ची सकाळ. दिल्लीच्या एम्स हॉस्पिटलमध्ये पेशंटची नेहमीसारखी गर्दी होती, पण सिस्टीम काही केल्या चालेना. नोंदणी, अपॉइंटमेंट, बिलं, लॅबचे रिपोर्ट, सगळंच अडकलं. शेवटी कर्मचाऱ्यांनी कागद-पेन हातात घेतलं. बहुतेक कामं पूर्ववत व्हायला जवळपास दोन आठवडे लागले.

झालं काय होतं?

हा रॅन्समवेअर हल्ला होता. यात हल्लेखोर सिस्टीममध्ये घुसून फाइल्सना कुलूप लावतात आणि किल्लीसाठी खंडणी मागतात. एम्सचे पाच सर्व्हर यात सापडले आणि सुमारे १.३ टेराबाइट डेटा लॉक झाला, असं सरकारने संसदेत सांगितलं.

एवढं मोठं हॉस्पिटल सापडलंच कसं?

प्राथमिक तपासात कारण पुढे आलं ते म्हणजे नेटवर्कची नीट विभागणी नव्हती. सोप्या भाषेत सांगायचं तर, सोसायटीच्या गेटमधून चोर आत आला तरी प्रत्येक फ्लॅटला वेगळं कुलूप असतं. म्हणून एक घर फुटलं तरी बाकीची वाचतात. हॉस्पिटलमध्येही बिलिंग, लॅब आणि पेशंटच्या नोंदी असे वेगळे कप्पे असावे लागतात. कप्पे नसतील तर एका कॉम्प्युटरमधून घुसलेला हल्लेखोर थेट मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचू शकतो.

मग वाचवलं कशाने?

बॅकअपने. एका बॅकअप सर्व्हरला हल्ल्याची झळ बसली नव्हती. त्यावरून पेशंटचा डेटा परत मिळाला आणि नव्या सर्व्हरवर टाकला गेला.

अपडेट टाळलं तर काय होतं?

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा हलवून सोडली. तिथे १९ हजारांहून जास्त अपॉइंटमेंट रद्द झाल्याचा अंदाज आहे. गंमत म्हणजे, यापासून वाचवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलं होतं. पण हॉस्पिटलमधलं मशीन अपडेटसाठी थांबवायचं म्हणजे रांगेतल्या पेशंटलाही थांबवावं लागतं. म्हणून हे काम 'नंतर बघू' म्हणून मागे पडतं. ते कधी करायचं, हे ठरवणं एकट्या आयटीवाल्याचं काम नाही. त्यात डॉक्टर आणि व्यवस्थापनानेही बसायला हवं.

तुम्ही काय करू शकता?

महत्त्वाच्या रिपोर्टची एक प्रत घरी ठेवा. चालू औषधं, ॲलर्जी आणि आधीची ऑपरेशन्स एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद कुठे आहे, हे घरच्यांना सांगा. हॉस्पिटलची सिस्टीम बंद पडली, तरी डॉक्टरांना तुमची माहिती लगेच मिळेल.