जुनी तितकी चांगली? पिंपात मुरवलेल्या बियरविषयी

क्राफ्ट बियरची आवड महाराष्ट्रात आता चांगली रुजली आहे. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ ही ब्रुअरी सुरू झाली. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या डोंबिवलीत ‘गेटवे’ची बियर बनू लागली आणि पुण्यात ‘ग्रेट स्टेट’सारखी नावे आली. आवडीबरोबर संग्रहाचा छंदही आला, आणि त्याच्या मागोमाग एक ठाम समजूत आली. ती अशी की, लाकडी पिंपात मुरवलेली बियर व्हिस्कीसारखीच असते, बाटली जितकी वर्षे ठेवाल तितकी ती चढत जाते. मुरबाड-म्हसा भागात शेतघराच्या कपाटात बाटल्या जपून ठेवणाऱ्याला या समजुतीचा सर्वांत जास्त फटका बसतो. पिंपातला काळ आणि बाटलीतला काळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिंपातला काळ ब्रुअर चव घेत मोजतो आणि योग्य वेळी थांबवतो. बाटलीत गेल्यावर बियर बहुतेक वेळा आपली चव गमावतच जाते.

मुळात व्हिस्कीचा दाखलाच इथे लागू होत नाही. व्हिस्की ऊर्ध्वपातित असते. तिच्यात मद्यार्क चाळीस टक्क्यांच्या वर असल्याने जंतू वाढत नाहीत, आणि काचेच्या बंद बाटलीत तीसुद्धा मुरत नाही, आहे तशी राहते. बियर नुसती आंबवलेली असते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर हा फरक कोणाला शिकवावा लागणार नाही. मोहफुलांचा सडवा वेळेत भट्टीवर चढवला नाही तर आंबट होऊन वाया जातो, त्यातून गाळलेली मोहाची मात्र टिकते. बियर या सडव्याच्या बाजूची आहे. तिच्यात पाणी भरपूर, मद्यार्क कमी, आणि माल्टमधले व कडवटपणा देणाऱ्या हॉप्समधले नाजूक घटक हवेतल्या ऑक्सिजनच्या थोड्याशा संपर्कानेही बदलणारे. बियर शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, तो याच बदलातून.

मग पिंप नेमके काय करते? अमेरिकेत बोर्बन व्हिस्कीसाठी कायद्याने आतून जाळलेले नवे ओक पिंपच वापरावे लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने बाजारात येतात. १९९० च्या दशकात शिकागोच्या ‘गूज आयलंड’ या ब्रुअरीने अशा पिंपांत काळी, दाट स्टाउट मुरवली आणि तिथून ही शैली जगभर गेली. या बियरमध्ये व्हिस्की ओततात, हा दुसरा गैरसमज. ओतत कोणी नाही. लाकडात जिरलेले मद्य बियरमध्ये उतरते, त्यामुळे तिचा जोर थोडा वाढतो. लाकडातून व्हॅनिला आणि खोबऱ्याच्या अंगाचे सुगंध येतात, जळक्या थरातून धुरकटपणा येतो. फळ्यांमधून हळूहळू शिरणारी हवा बियरचा तिखटपणा मवाळ करते. हे सगळे काही महिन्यांत किंवा वर्षभरात घडते आणि त्याला माणसाची देखरेख असते. लेबलवर लिहिलेल्या पिंपातल्या काळाचा अर्थही सगळीकडे सारखा नसतो. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळूरूच्या ‘अमृत’ या व्हिस्कीच्या कारखान्यात दहा-बारा टक्के. उष्ण हवेत पिंपाचे काम भराभर होते, म्हणून केवळ महिन्यांच्या आकड्यावरून दर्जा ठरवू नये.

उष्णता हाच या विषयाचा गाभा आहे. ब्रुअर लोकांचा एक ठोकताळा आहे, ३-३०-३०० चा. सुमारे ३२ अंश सेल्सिअसला तीन दिवसांत बियर जितकी शिळी होते, तितकी २२ अंशांना तीस दिवसांत आणि ३ अंशांना तीनशे दिवसांत होते. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते तेव्हा रात्री चांगला गारठा असतो, आणि त्या दिवसांत कपाटात ठेवलेली बाटली सुखरूप आहे असे वाटते. तीच बाटली एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपासच्या पाऱ्यात तिथेच असते. या एका उन्हाळ्यात तिचे होणारे नुकसान पुढची कितीही थंडी भरून काढू शकत नाही. उजेडाचे वेगळेच. हॉप्सच्या कडवटपणावर ऊन पडले की उग्र, कुबट वास तयार होतो. तपकिरी काच त्याला बरीच अडवते, हिरवी किंवा पांढरी नाही.

यावर जाणकार म्हणतील, परदेशी संग्राहक पाच-पाच वर्षे ठेवलेल्या स्टाउट उघडतात, त्या काय वाईट असतात? नसतात. पण त्या बियरमध्ये मद्यार्क बहुधा बारा-चौदा टक्के असतो, माल्ट दाट असते आणि त्या बारा-तेरा अंशांच्या तळघरात असतात. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार बियरची कमाल मर्यादा आठ टक्के आहे. म्हणजे इथे कायद्याने बनणाऱ्या बियरकडे दीर्घकाळ टिकण्याचे मुख्य बळच नाही. शिवाय ती जुनी स्टाउटही ‘सुधारते’ म्हणण्यापेक्षा बदलते. कडवटपणा आणि कॉफीची धार जाते, मनुका-खजुराचा गोडवा वर येतो. कोणाला तो आवडतो, पण ब्रुअरने पाठवलेली चव ती नव्हे.

आंबटपणाचाही असाच घोळ होतो. बेल्जियमची लॅम्बिक ही बियर मुद्दाम आंबट असते. एक, दोन आणि तीन वर्षांची लॅम्बिक मिसळून ग्यूझ करतात, तिथे जंतू हे ब्रुअरचे साथीदार आहेत. स्टाउट आंबट लागली तर मात्र तो दोषच. २०१५ च्या हंगामातल्या ‘गूज आयलंड’च्या काही बाटल्या अशाच जंतुदोषाने आंबल्या. कंपनीने ग्राहकांना पैसे परत केले आणि पुढच्या वर्षापासून ती बियर पाश्चराइज करायला सुरुवात केली. नामांकित ब्रुअरीत असे घडू शकते, तर आपल्या कपाटातल्या बाटलीने वर्षानुवर्षे शाबूत राहावे ही अपेक्षा जास्तच आहे.

फ्रिजमध्ये ठेवली तर? तो खरा उपाय आहे, पण पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या गावात तोही अर्धा. संग्रह ही गुंतवणूक आहे, पुढे चढ्या भावाने विकता येईल, हा विचारही सोडलेला बरा. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्यविक्री हा गुन्हा आहे, आणि बाळगण्या-पिण्यासाठीही परवाना लागतो.

आवडत्या ब्रुअरीची पिंपातली बियर मिळाली तर बाटलीवरची तारीख पाहा, उभी ठेवून गार करा आणि त्याच हंगामात उघडा. बर्फासारखी गार पिऊ नका. दहा-बारा अंशांवर आली की लाकडाचा सुगंध उलगडतो. लहान ग्लासांत चौघांनी वाटून घ्या, प्यायल्यावर गाडी चालवू नका. पुढच्या वर्षी ब्रुअर नवे पिंप उघडेलच.