सेवेची अट आणि सेवेची ओढ

आज आपण एक अवघड प्रश्न घेऊ. निराधारांची सेवा एखाद्या धर्मश्रद्धेतून होते, तेव्हा ती निरपेक्ष असू शकते का? प्रश्न हवेत राहू नये म्हणून पंडिता रमाबाईंचंच उदाहरण घेऊ.

रमाबाईंनी दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील आणि बहीण गमावली होती. भूक म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला आलं. तिथं विधवांना शिक्षण मिळे आणि धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं ठरलं होतं. मुलींनी आपापले आचार पाळावेत, कुणी आड येणार नाही. पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि काही मुली आत जाऊन बसू लागल्या. पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही बाजूला झाले, आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथं थोडं थांबू. दार उघडं ठेवणं ही सक्ती झाली का? आपल्याला इथे दोन शब्द वेगळे करावे लागतील: अट आणि ओढ. ‘प्रार्थनेला ये, तरच जेवण’ ही झाली अट. ती नव्हती. पण जिनं जवळ घेतलं, तिच्यासारखं व्हावंसं वाटणं ही ओढ, ती होतीच. आणि ओढ कायद्यानं बंद करता येत नाही.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या सुमारास तिथली संख्या २००० च्या घरात गेली. इथं तटस्थतेचा प्रश्नच नव्हता. संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. मग आक्षेप अधिक धारदार होतो, आणि तो टाळू नये. जिला जायला दुसरं घरच नाही, तिची निवड मोकळी कशी म्हणायची? हा आक्षेप खरा आहे. प्रत्येक दात्याला तो लागू पडतो, मग तो मठ असो, मिशन असो की सरकार.

म्हणून आम्हाला एक कसोटी सुचते. सेवा घेणारी व्यक्ती आपल्या पायावर बाहेर पडू शकते का? केडगावला विणकाम, शेती, छापखाना शिकवत. अंध मुलींना ब्रेल शिकवत. हातात कसब आलं की ‘नाही’ म्हणायची ताकद येते. शारदा सदनातल्या गोदूबाई पाहा. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला, आणि त्या आनंदीबाई झाल्या. तीनच वर्षांनी कर्व्यांनी विधवांसाठी संस्था काढली. म्हणजे एका दिव्यावर दुसरा लागला, पण तेल ज्याचं त्याचं राहिलं.

येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी माणूस आठवा. वाटेवर पडलेल्या जखमीला तो त्याची जात-पंथ विचारत नाही. जखम बांधतो, धर्मशाळेत पोचवतो, खर्च देतो आणि आपल्या वाटेनं निघून जातो. त्या जखमीनं पुढे काय मानलं, हे त्या गोष्टीत कुठंच येत नाही. आमच्या मते निरपेक्ष सेवेची खूण तीच.