घरी राहूनही दैनिक भत्ता? सारा पेलिन यांच्या ३१२ रात्रींचं प्रकरण काय होतं?

सरकारी कामासाठी बाहेरगावी गेलं की जेवणखाण आणि किरकोळ खर्चासाठी दैनिक भत्ता मिळतो (महागाई भत्ता वेगळा). पण रात्री स्वतःच्याच घरी असलेल्या गव्हर्नरने हा भत्ता घेतला तर?

अमेरिकेतल्या अलास्का राज्यात हे घडलं. सप्टेंबर २००८. गव्हर्नर सारा पेलिन तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने त्यांची बिलं तपासली. कारकिर्दीच्या पहिल्या १९ महिन्यांत त्या ३१२ रात्री घरीच होत्या आणि त्या दिवसांचा भत्ताही त्यांनी घेतला होता. रक्कम १६,९५१ डॉलर.

हे जमलं कसं? अलास्काची राजधानी जुनो. तिथे बाहेरून रस्ताच जात नाही, विमानाने किंवा बोटीने पोहोचावं लागतं. पेलिन यांचं घर मात्र शेकडो किलोमीटर दूर, वासिला गावात. तिथून साधारण ७० किलोमीटरवर अँकरेज शहर. गव्हर्नरचं एक कार्यालय तिथेही आहे, त्यामुळे पेलिन अनेकदा घरून गाडीने अँकरेजला जायच्या. पण कागदोपत्री त्यांचं मुख्यालय जुनोच होतं. म्हणजे जुनोबाहेरचा प्रत्येक दिवस दौऱ्याचा, मग तो स्वतःच्या स्वयंपाकघरात का गेलेला असेना! ज्यांच्या घरात ग्रामसेवक किंवा शिक्षक आहेत, त्यांना ‘मुख्यालय’ या शब्दाचं वजन वेगळं सांगायला नको.

भत्ता नियमातच बसतो, असं पेलिन यांच्या कार्यालयाचं म्हणणं होतं. आधीच्या गव्हर्नरांचा प्रवासखर्च तर यापेक्षा कितीतरी जास्त होता, हेही खरं. तरी ही बातमी झोंबली, कारण त्याच्या काही दिवस आधीच पेलिन यांनी पक्षाच्या अधिवेशनात आपल्या काटकसरीचा पाढा वाचला होता. सरकारी विमान विकायला काढलं, बंगल्यावरचा स्वयंपाकी कमी केला वगैरे. स्वयंपाकी गेला, पण जेवणाचा भत्ता सुरूच होता.

फेब्रुवारी २००९ मध्ये राज्य सरकारने भूमिका बदलली. घरी राहून घेतलेला भत्ता हा प्रवासखर्च नसून उत्पन्न आहे, त्यामुळे त्यावर पेलिन यांना प्राप्तिकर भरावा लागेल, असं ठरलं. हा कर किती, हे सांगायला गव्हर्नर कार्यालयाने तेव्हा नकार दिला.