चाचा कोण, सरखेल कोण?

समुद्रापासून दूर वसलेल्या नागपूरकरांनाही कान्होजी आंग्रे हे नाव परिचित आहे. मात्र मराठ्यांच्या या सरखेलास इंग्रज ‘चाचा’ का म्हणत, हे फारसे सांगितले जात नाही.

वाद होता तो दस्तकाचा. कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी गलबतांनी मराठा आरमाराचा परवाना घ्यावा, अन्यथा गलबत जप्त, हा कान्होजींचा दंडक. पोर्तुगीज हेच सोळाव्या शतकापासून करीत आले होते. इंग्रजांना मात्र मराठ्यांचा हा अधिकार मान्य नव्हता.

१७२१ मध्ये चाच्यांच्या बंदोबस्तासाठी ब्रिटिश आरमाराचे कमोडोर थॉमस मॅथ्यूज चार युद्धनौका घेऊन आले. डिसेंबरात पोर्तुगीजांसह त्यांनी अलिबागेवर, कुलाबा किल्ल्याच्या रोखाने, चाल केली. एका मराठा स्वाराच्या भाल्याने कमोडोरसाहेबांची मांडी जखमी झाली. बाजीराव मदतीस धावून आले, पोर्तुगीजांनी परस्पर तह केला आणि मोहीम फसली. पुढे हे महाशय चाच्यांच्या शोधार्थ मादागास्करला गेले आणि तेथे त्यांनी चक्क व्यापार केला! मायदेशी परतल्यावर १७२४ मध्ये त्यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि बेकायदा व्यवहारांबद्दल ते दोषी ठरले. तरीही पुढे ते अ‍ॅडमिरल झालेच.

कान्होजी १७२९ मध्ये निवर्तले. मुंबईतील नौदल तळाला १९५१ पासून ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव आहे.