शिकाऊ डॉक्टरला शिकवायचे कसे?

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. आदल्याच दिवशी गणेशविसर्जन झाले होते. गावे गाढ झोपेत होती. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जाड मातीची माळवदे माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार जीव गेले. अशा आपत्तीत शिकाऊ डॉक्टरांनाही जखमींवर उपचार करावे लागतात. त्यांच्यावर देखरेख कशी करायची?

एक प्रसंग कल्पू या. ढिगाऱ्याखाली सहा तास मांडी दबलेल्या आजींना नुकतेच बाहेर काढले आहे. त्या बोलताहेत, नाडी ठीक आहे. विद्यार्थी म्हणतो, "सर, या थांबू शकतील." अनुभवी डॉक्टर बहुधा त्याला बाजूला सारून स्वतःच सलाईन लावील. आजी वाचतील, पण विद्यार्थी काहीच शिकणार नाही. आणि पुढच्या रुग्णाजवळ कदाचित तो एकटाच असेल.

उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम मार्गदर्शक होत नाही. सरावाने त्याच्या विचारातले टप्पे इतके अंगवळणी पडतात, की ते त्याला स्वतःलाही दिसेनासे होतात. ते उलगडून दाखवणे हे वेगळे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

यासाठी 1992 साली अमेरिकेत नेहर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच पायऱ्यांची एक सोपी रीत मांडली. आपल्या प्रसंगात ती अशी वापरता येईल. सलाईन लगेच सुरू करायचेच, रुग्ण आधी. हात चालू असतानाच विचारायचे :

1. "तुला काय वाटते?" विद्यार्थ्याला आधी स्वतःचे मत मांडू द्यावे.

2. "कशावरून?" त्यामुळे विचारातली फट दिसते.

3. एकच नियम सांगावा. दीर्घकाळ दबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटतात. दाब निघताच त्यांतले पोटॅशियम रक्तात मिसळून हृदयाची लय बिघडवू शकते आणि मायोग्लोबिन मूत्रपिंडे निकामी करू शकते. म्हणून शक्य तर दाब काढण्यापूर्वीच सलाईन सुरू करतात. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील जखमींत हा विकार बायवॉटर्स व बील यांनी 1941 मध्ये वर्णिला.

4. "नाडी आणि रक्तस्राव आधी पाहिलास, ते योग्य केलेस."

5. "किती वेळ दबल्या होत्या, हे मात्र विचारले नाहीस. लघवीचा रंगही पाहायला हवा."

भारतात वैद्यकीय अध्यापकांच्या प्रशिक्षणाला पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत 1970च्या दशकात सुरुवात झाली. भारतीय वैद्यक परिषदेने 2009 पासून त्यासाठी देशभर कार्यशाळांचा कार्यक्रम हाती घेतला. असे कौशल्य नुसत्या व्याख्यानाने येत नाही. एकाने विद्यार्थी व्हायचे, दुसऱ्याने मार्गदर्शक आणि तिसऱ्याने निरीक्षक, अशा सरावातून ते जमते.

बी.एड.चे सराव पाठ आठवतात? "पाठ बरा झाला" या शेऱ्याने आपण काय शिकलो? "तिसऱ्या प्रश्नानंतर तुम्ही मुलांना विचार करायला वेळच दिला नाही" हा शेरा मात्र पुढच्या तासाला उपयोगी पडतो. वर्गात चुकलेला पाठ दुसऱ्या दिवशी पुन्हा घेता येतो. ढिगाऱ्याखालून काढलेल्या आजींना दुसरा दिवस मिळेलच असे नाही. म्हणूनच शिकवणाऱ्यालाही शिकवावे लागते.